चिठ्ठ्या नसलेले सहा बेडूक

एकाहत्तरच्या जूनमध्ये मी प्रवरेकाठच्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात, प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. वय चोवीस. आमच्या शेतकरी घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि पुण्याहून एम.एस्सी. होऊन आलेला तर आसपासच्या चार गावांत पहिला. नोकरी कच्ची होती, दर वर्षी नवा हुकूम निघायचा, पण ते मी गावाकडे कुणाला सांगत नसे.

लॅबमध्ये एक अटेंडंट होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, सातवी पास, अंगाने काटक. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणे. छप्पन साली ज्यांच्या घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यांपैकी त्यांचं एक घर. कॉलेजात येण्याआधी वीस वर्षं त्यांनी वडिलांबरोबर विहिरी खोदल्या होत्या. काळी माती कुठे संपते, पांढरी कुठे लागते, मुरमात ओल किती हातांवर सापडते, हे त्यांना तोंडपाठ होतं. आणि त्या मातीत काय काय राहतं तेही. मांडूळ कुठल्या ढेकळाखाली निजतं, फुरसं कुठल्या दगडाआड बसतं, पावसाळ्यात ओरडणारे बेडूक आठ महिने कुठे जातात, हे विचारलं की ते हातातलं काम न थांबवता सांगत.

विचारणारी मुलं होती, हेच माझं दुखणं. मी फळ्यावर बेडकाच्या हृदयाची आकृती काढत असे आणि मागच्या बाकावरची मुलं मामांच्या टेबलाकडे सरकत. मी आकृती पुसून पुन्हा काढायचो, जरा मोठी. पहिल्याच वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चहा घेताना माझ्याशी दोन वाक्यं बोलून खुर्ची मामांकडे वळवली आणि अर्धा तास घोरपडीविषयी गप्पा मारल्या. मी बशीतला चहा निववत बसलो. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला मत्सर म्हणतात हे मला कळत होतं. पण एम.एस्सी. झालेला माणूस लॅब अटेंडंटचा मत्सर करतो, हे मला स्वतःशीही कबूल करवत नव्हतं. त्यात जात किती होती? मी तेव्हा ठामपणे म्हटलं असतं, मुळीच नाही. आज तितकं ठामपणे म्हणत नाही.

बाहत्तरचा पाऊस आलाच नाही. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या पठारावर दुष्काळी कामं सुरू झाली. मामांची धाकटी बहीण तिथल्या पाझर तलावाच्या कामावर घमेली वाहायला जात होती. तिने भावाला सांगितलं, कमरेइतकं खोल खणलं की जमिनीतून कणकेच्या गोळ्यासारखे बेडूक निघतात, जिवंत, डोळे मिटलेले. मुकादम ते बाजूला फेकायला लावतो आणि उन्हात तासाभरात वाळून मरतात.

मामा रविवारी तिथे गेले. सोमवारी सकाळी पत्र्याच्या डब्यात ओल्या मातीत दोन बेडूक घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. हे सांगितलंच पाहिजे की ते आधी माझ्याकडे आले होते.

"सर, बघा जरा. मागच्या पायाच्या टाचेला खुरप्यावानी कायतरी हाय. त्यानंच उलटं उलटं खनत जातंय बगा ते."

मी जर्नल तपासत होतो. मान वर केली, डब्यात पाहिलं. खरं तर मी असा बेडूक पुस्तकात पाहिला होता, हातात कधीच धरला नव्हता. पण म्हणालो, "नेहमीचेच आहेत मामा. सोडून द्या."

त्यांनी सोडले नाहीत. विभागप्रमुखांना दाखवले. आमचे प्रमुख सरळ, उत्साही गृहस्थ. त्यांनी त्याच दिवशी पुण्याला एका बाईंना पत्र लिहिलं. त्या बाईंनी आयुष्य बेडूक आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत घातलं होतं. आदल्या वर्षी मी त्यांना डोंगरावरची एक पाल बरणीत घालून पाठवली होती, सोबत तीन पानी पत्र. उत्तर दोन ओळींचं आलं होतं: पाल सर्वत्र आढळणारी आहे, आभार.

मामांच्या बेडकांसाठी त्या आठ दिवसांत स्वतः एस.टी.ने आल्या.

पन्नाशीच्या असतील. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम. बाई, मामा आणि मी, आम्ही तिघं पठारावर गेलो. शेवटचे तीन मैल पायी. तलावाच्या खड्ड्यात पाचशे माणसं तरी असतील, सगळी धुळीने एका रंगाची झालेली. मामांनी तिथे आधीच एक काम करून ठेवलं होतं. प्यायच्या पाण्याचं पिंप जिथे गळत होतं तिथे बाभळीच्या सावलीत त्यांनी हातभर खड्डा करून ओली माती भरली होती, आणि बायकांना सांगून ठेवलं होतं की बेडूक निघाला की फेकायचा नाही, तिथे आणून ठेवायचा. बायका ठेवत होत्या. घमेलं उतरवताना पदरात गुंडाळून आणत. एक म्हातारी म्हणाली, "त्याला बी पानी न्हाई, आमाला बी न्हाई. ऱ्हाऊ द्या बिचाऱ्याला."

बाई तलावाच्या खड्ड्याच्या भिंतीपाशी मामांच्या शेजारी उकिडव्या बसल्या, आणि दोन तास उठल्या नाहीत. ऊन चढलं तेव्हा त्यांनी मागे न बघता छत्री वर केली आणि म्हणाल्या, "जरा धरता का?" मी धरली. त्या आणि मामा मातीच्या थरांवर बोट ठेवून बोलत होते आणि मी दोघांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. माझ्या गावचा कुणी तिथे कामावर असेल तर काय, या एकाच विचाराने मला घाम फुटला होता.

बाईंनी मामांना समजावून सांगितलं, की लाखो वर्षांत कसा एका बेडकाच्या टाचेचा उंचवटा पिढ्यानपिढ्या कठीण होत खुरप्यासारखा झाला असेल. ज्यांना खोल जाता आलं तेच कोरड्या काळात टिकले, त्यांचीच पिल्लं वाढली. मामा ऐकत होते. मग म्हणाले, "मंग बाई, एक सांगा. हा मुलूख कोरडा झाला म्हनून बेडूक खनाय लागला, का खननारा बेडूक हुता म्हनून कोरड्या मुलखात ऱ्हाऊ शकला?"

बाईंनी थरावरचं बोट उचललं. मग हसल्या आणि म्हणाल्या, "मामा, हे मलाही नक्की माहीत नाही. शोधायचं आहे." आणि त्यांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

मी सहा वर्षं कॉलेजात शिकलो, सगळे पेपर पहिल्या वर्गात सोडवले. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. पण कुणी लिहून घ्यावा असा एक प्रश्नही मी कधी विचारला नव्हता. छत्री धरलेला माझा हात अवघडला होता आणि मला त्या माणसाचा राग येत होता.

जाण्यापूर्वी बाईंनी मामांना एक भिंग, एक वही आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येक बेडकाच्या मांडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, शिसपेन्सिलीने लिहायचं: गाव, जागा, किती खोल, कसली माती, तारीख. "एका ठिकाणाहून दोनतीनच घ्यायचे, बाकीचे परत ओलीत ठेवायचे. आणि चिठ्ठी हवीच. कुठला बेडूक हे कळलं नाही तर तो माझ्या उपयोगाचा नाही," त्या म्हणाल्या. तसं भिंग मला विद्यार्थी असल्यापासून घ्यायचं होतं.

मग पत्रं यायला लागली. इनलँडवर मामांचं पूर्ण नाव, आधी 'श्री.'. टपाल माझ्या टेबलावरून जायचं, त्यामुळे ते 'श्री.' मला दर वेळी वाचावं लागे. पत्रात इंग्रजी नाव आलं की मामा माझ्याकडे येत. "सर, हे काय हाय?" मी नाव वाचून दाखवायचो, अर्थ सांगायचो नाही. ते तेवढ्यावर समाधान मानून वहीत देवनागरीत उतरवून घेत.

एका रविवारी मी कुणाला न सांगता सायकलने पठारावर गेलो. दिवसभर कुदळ मारली. हाताला फोड आले, बेडूक एकही नाही. मामांची बहीण कामावर वाटलेली सुकडी खात बसली होती. ती म्हणाली, "सर, तितं मुरूम लई कडक हाय. दादा तितं कदी खनत न्हाई." बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तिने खणायची जागाही दाखवली. मी तिथे खणलं नाही. परत येताना पंक्चर झालं, सायकल हाताने ढकलत आलो.

मार्चमध्ये मामांना तीन वेगळे बेडूक सापडले. लहान, पाठीवर बारीक दाणे, एक फिकट पट्टा. जुन्या ओढ्याच्या काठाशी, मुरमाच्या तोंडाशी. "असलं मी बगितलं नव्हतं," ते म्हणाले. मीही नव्हतं. पुढे त्यांनी जे केलं ते मला सुचायला हवं होतं. त्यांची सासुरवाडी पश्चिमेला, अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात. तिथे दुष्काळातही थोडीफार ओल होती. चार दिवसांची रजा काढून ते गेले आणि भाताच्या खाचरांच्या बांधातून असेच दिसणारे तीन बेडूक घेऊन आले.

"तिकडचा आनि हिकडचा एकच हाय का बगू म्हनलं. मला वाटतंय टाच येगळी हाय. पठारावरल्याची रुंद हाय."

सहाही बेडूक एकाच बरणीत फॉर्मॅलिनमध्ये ठेवले, प्रत्येकाच्या मांडीला चिठ्ठी. प्रमुखांनी बाईंना कळवलं. बाईंचं उत्तर आलं ते प्रमुखांनी स्टाफ रूममध्ये चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं. दोन सारख्या दिसणाऱ्या बेडकांमध्ये, एक पावसाच्या मुलखातला आणि एक कोरड्या मुलखातला, असा फरक निघाला तर ती फार मोलाची गोष्ट असेल, आणि ही तुलना करायचं मामांना सुचलं याचं मला कौतुक वाटतं, असं त्यात होतं. इतिहासाचे एक प्राध्यापक माझ्याकडे बघून म्हणाले, "डिग्री तुमची आणि बेडूक त्यांचे, असं झालं की हो हे." सगळे हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

दुपारी तीनला लॅब रिकामी होती. मामा बँकेत पत्र द्यायला गेले होते. मी बरणी उतरवली, चिमट्याने एकेक बेडूक ट्रेमध्ये घेतला आणि बारीक कात्रीने सहा दोरे कापले. डिसेक्शनमध्ये माझा हात नेहमीच चांगला होता. चिठ्ठ्या बर्नरवर जाळल्या, दोऱ्याचे तुकडे सिंकमध्ये वाहवले, बरणी होती तशी ठेवली. सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. मग मी बसून पहिल्या वर्षाच्या मुलांची जर्नल्स तपासली, आणि ती नीट तपासली.

बाई एप्रिलच्या अखेरीस आल्या. बरणी उघडली. पहिला बेडूक काढला, दुसरा काढला, मग सगळे काढून ट्रेमध्ये ओळीने ठेवले. मामा पुढे झाले, वाकून बघितलं, बरणीचा तळ बघितला.

"चिठ्ठ्या कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"बांदल्या हुत्या," मामा म्हणाले. पुन्हा बरणीत बघितलं. "माजीच कायतरी चूक झाली असंल. दोरा सैल ऱ्हायला असंल."

"कुठले पठारावरचे, सांगता येईल?"

मामांनी भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले. औषधात महिनाभर राहून सहाही एका फिकट रंगाचे झाले होते, अंगं आक्रसली होती. "हे दोन आपल्याकडचं वाटत्यात. तिसरा... जित्तं असतं तर सांगितलं असतं."

"वाटतंय यावर मला काही लिहिता येणार नाही मामा," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण कोरडा झाला होता. "माती वहीत लिहिलेली आहे, तारीख आहे. पण कुठला बेडूक कुठला, हेच गेलं."

मी कपाटाला टेकून उभा होतो. बोलायला ती जागा होती आणि ती वेळही होती. मी बोललो नाही. खोटं कशाला सांगू, मामांची मान खाली गेलेली बघून मला बरं वाटलं.

मामा पुढच्याच रविवारी पठारावर गेले. ओढ्याच्या काठाची ती जागा भरावाखाली गेली होती. त्यांनी आजूबाजूला पाच रविवार खणलं. तसले बेडूक पुन्हा मिळाले नाहीत. मग त्र्याहत्तरचा पाऊस झाला आणि खड्ड्यात पाणी उभं राहिलं.

जाताना बाईंनी प्रमुखांना सांगितलं होतं, की यापुढे नोंदी एखाद्या शिकलेल्या माणसाने ठेवाव्यात. प्रमुखांनी ते काम मला दिलं. वही माझ्याकडे आली. बेडूक मामा आणायचे, चिठ्ठी मी बांधायची. बाईंची पत्रंही माझ्या नावाने येऊ लागली. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर मामांनी लॅबची सफाई काढली. सिंकखालची जाळी उघडून गाळ काढला. थोड्या वेळाने ते माझ्या टेबलाशी आले आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर काहीतरी ठेवलं. काळे पडलेले दोऱ्याचे चार तुकडे.

"सिंकात घावलं," ते म्हणाले. "गाठ तशीच हाय सर. दोरा कापल्याला हाय."

मी कागदाकडे बघत राहिलो.

"मी म्हनत हुतो माजी गाठ कशी सुटली. विहिरीत मानूस सोडायचो आमी माज्या गाठीवर."

"मामा..." मी म्हणालो, आणि हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"म्या कुनाला सांगितलं न्हाई. सांगनार बी न्हाई. तुमची नोकरी कच्ची हाय, घरी लगीन काडलंय म्हनत हुता." त्यांनी कागदाची पुडी केली आणि केराच्या डब्यात टाकली. "पर ते बेडूक गेले सर. माजं कायबी असूं द्या. ते बेडूक गेले."

तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो असतो तर गोष्ट सोपी झाली असती. मला तसं काही वाटलं नाही. मला वाटलं, हेही याच माणसाकडे असावं? ज्ञान त्याच्याकडे, प्रश्न त्याच्याकडे, आणि आता मोठं मनही त्याच्याकडेच. माझ्या वाट्याला काही ठेवायचं की नाही? रात्रंदिवस मी त्यांच्यात काहीतरी खोट शोधत राहिलो. एकदा ते दहा मिनिटं उशिरा आले तर मी मस्टरवर खूण केली.

पुढचं वर्ष असं गेलं की बाई पत्रातून प्रश्न विचारत आणि मला एकाचंही उत्तर येत नसे. पाऊस संपल्यावर किती दिवसांनी ते जमिनीत जातात? वाळवी जिथे असते तिथेच का असतात? नदीकाठचे मोठे बेडूक प्रॅक्टिकलसाठी दर वर्षी पोत्याने आणता, ते कमी झाले आहेत का? मी मामांना विचारायचो. ते हातचं न राखता सगळं सांगत, मी सुवाच्य अक्षरात, माझ्या सहीने पाठवायचो. मोठ्या बेडकांबद्दल ते म्हणाले होते, "पैली दोन डबक्यात पोतं भरायचं. आता चार गावं फिराय लागत्यात. चार पोरात एक बेडूक दिला तर काय बिघडंल?" मी हेही लिहिलं. बाईंनी प्रमुखांना लिहून तो नियम आमच्याकडे लावून घेतला आणि श्रेय मला दिलं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात बाईंचं पत्र आलं. तुमची निरीक्षणं असामान्य आहेत, पुण्याला या, माझ्याकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवा, शिष्यवृत्तीचं मी बघते.

मी ते पत्र तीन दिवस खिशात ठेवलं. मग मामांना दाखवलं. त्यांनी सावकाश वाचलं आणि परत दिलं. "जावा की सर. चांगलं हाय."

"ही निरीक्षणं तुमची आहेत मामा."

"व्हय," ते म्हणाले, आणि परीक्षानळ्या धुवायला लागले.

त्या 'व्हय'मध्ये तक्रार नव्हती, उदारपणाही नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपलं ते आपलं म्हटलं होतं. मी घरी गेलो आणि बाईंना पत्र लिहिलं. कात्री, बर्नर, चिठ्ठ्या, वर्षभराची उत्तरं कुणाची, सगळं. पश्चात्तापाने लिहिलं असं म्हणता आलं तर बरं वाटेल. पण पुण्यात मी बाईंसमोर बसणार, त्या नवे प्रश्न विचारणार आणि शेजारी मामा नसणार, याची भीतीही त्यात होती. दोन्हींतलं काय जास्त होतं, मला आजही सांगता येत नाही. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि रस्त्यावर कुणी नव्हतं.

बाईंनी मला उत्तर दिलं नाही. प्रमुखांनाही काही कळवलं नाही. जुलैत एक जाड पाकीट आलं, मामांच्या नावाने. मी ते त्यांना नेऊन दिलं. ते खिडकीपाशी स्टुलावर बसले आणि वाचायला लागले. चार पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. मध्ये एकदा ते स्वतःशी हसले. एके ठिकाणी थांबून मागचं पान पुन्हा वाचलं. मी समोरच्या टेबलावर स्लाइड लावायचं निमित्त करून बसलो होतो. या वेळी एकाही इंग्रजी शब्दासाठी ते माझ्याकडे आले नाहीत.

वाचून झाल्यावर त्यांनी पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

"बाईंनी पुन्याला बोलवलंय, पावसाळ्यात दोन म्हैने. अकोल्याच्या डोंगरात जायचंय त्यांच्यासंगं. सायेबांना इचारतो रजेचं. मागं लॅबमदल्या बेडकांकडं कोन बगंल?"

"मी बघेन," मी म्हणालो.

ते मला काचेच्या पेटीपाशी घेऊन गेले. तिथे पठारावरचे चार जिवंत बेडूक मातीत होते. माती किती ओली ठेवायची, वाळवी कुठून आणायची, बेडूक वर आला तर काय करायचं, ते सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. सांगून झालं.

"बाईंनी माझ्याबद्दल काही लिहिलंय का?" मी विचारलं.

"लिवलंय."

"काय?"

मामांनी पेटीवरचं झाकण नीट बसवलं. "ते माज्या नावानं आलंय सर," ते म्हणाले, आणि रजेचा अर्ज लिहायला माझ्याकडे एक कोरा कागद मागितला.